कूलरची टाकी पाण्याने सडत नाही, पाणी उडून गेल्यावर जे मागे उरतं त्याने सडते

प्रयोगवही (धागाकर्ता)

होळी आटोपली की इथे दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो : कूलरची टाकी गळते आहे, एम-सील चोपडू, डांबर मारू की पत्राच बदलू? मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. बारावीला ‘द्रावणे’ आणि ‘विद्युतरसायन’ अशी दोन प्रकरणं आहेत. नागपूरच्या मुलांनी ती खिडकीतल्या कूलरवर शिकावीत असं मला मनापासून वाटतं, कारण या दोन प्रकरणांतलं जवळजवळ सगळं त्या जस्ताच्या पत्र्याच्या टाकीत चार महिने घडत असतं.

आधी द्रावणाचा हिशेब. समजा टाकीत ५० लिटर पाणी मावतं आणि भर मे महिन्यात दिवसाला ४० लिटर उडतं. आपण रोज तेवढं वरून भरतो. नळाच्या पाण्याचा टीडीएस ४०० धरू, म्हणजे लिटरमागे ४०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूला बसवलेल्या भुशाच्या जाळीतून, वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट यांतलं काहीच हवेत जात नाही. ४० लिटरला ४०० मिलिग्रॅम म्हणजे रोज १६ ग्रॅम क्षार टाकीत जमा. दहा दिवसांत १६० ग्रॅम. ते ५० लिटरमध्ये वाटले तर लिटरमागे ३२०० मिलिग्रॅम, आणि मुळातले ४०० धरून ३६००. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात ५०० ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० ही शेवटची. नळाला गोडं पाणी येत असूनही दहा दिवसांत आपण टाकीत खारं पाणी तयार केलेलं असतं.

प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही, कारण काही क्षार द्रावणातून बाहेर पडतात. पाण्यात कॅल्शियम असतं ते मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात. ताटीवर पाणी पातळ पसरतं, हवा लागते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ताटीवर, जाळीवर बसणारा पांढरा थर तो हाच. क्लोराइड मात्र असे खाली बसत नाहीत. ते द्रावणातच राहतात, दिवसेंदिवस दाट होत जातात, आणि धातूचा खरा वैरी तोच.

आता विद्युतरसायन. टाकीचा पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात जायची ओढ जस्ताला लोखंडापेक्षा जास्त. प्रमाण विद्युत विभव पाहा (जितका उणे, तितकी ही ओढ जास्त) : जस्ताचा उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४, तांब्याचा अधिक ०.३४. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी विरघळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडाला मिळत राहतात, म्हणून लोखंड टिकतं. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे हायड्रॉक्साइड आयन होतात. एका बाजूला धातू विरघळतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पितो, मधला रस्ता धातूतून इलेक्ट्रॉनांचा आणि पाण्यातून आयनांचा. पूर्ण विद्युतघट झाला. फक्त त्याची वीज आपल्याला मिळत नाही, पत्र्यातच खर्च होते.

पाण्यात आयन जितके जास्त, तितका हा घट जोरात चालतो. म्हणून एवढंच कळकळीने सांगायचं आहे : टाकीत नुसती भर घालत राहू नका. ठरावीक दिवसांनी ती पूर्ण रिकामी करा, धुवा, मग भरा. पत्रा कोणत्या गेजचा, म्हणजे किती जाडीचा घेतला यापेक्षा त्याने टाकीचं आयुष्य जास्त वाढेल.

नवतपा

डेंग्यूसाठी आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करा असं महापालिकेचे लोक दारोदार सांगून जातात. म्हणजे तेच पत्र्यालाही मानवतं म्हणायचं. आमच्याकडे तर पावसाळा लागेपर्यंत कुणी तळ पाहत नाही. +१

प्रयोगवही

हो, अगदी तेच. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत. रसायनाच्या हिशेबानेही आठवडा बरा पडतो.

ज्यांना टाकी रोज थोडी थोडी वाहती ठेवायची सोय आहे त्यांच्यासाठी कारखान्यांच्या कूलिंग टॉवरचं गणित सांगतो. टाकीतले क्षार मूळ पाण्याच्या तिपटीवर जाऊ द्यायचे नसतील, तर जितकं पाणी उडतं त्याच्या निम्मं बाहेर सोडावं लागतं. ४० लिटर उडालं तर २० लिटर सोडायचं. पाचपट चालणार असेल तर चौथा हिस्सा, म्हणजे १० लिटर पुरतं. ते पाणी अंगण धुवायला घ्या. नाजूक कुंड्यांना मात्र नको, क्षार मातीत साचतील.

बेसाकर

सर, आमच्या लेआउटमध्ये बोअरचं पाणी. टीडीएसचा मीटर ९०० दाखवतो. घरात आरओ आहे, त्यातून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरते. ते कूलरमध्ये वापरलं तर पाण्याची बचत होईल असं सगळे सांगतात. वापरावं का?

प्रयोगवही

ताई, पत्र्याच्या टाकीत नको. गणित पाहा. तीन लिटर पाणी यंत्रात गेलं, एक लिटर शुद्ध आलं आणि दोन लिटर बाहेर पडलं, तर तिघांचे क्षार जवळजवळ सगळे त्या दोघांत आले. ९०० चे १३५०. शुद्ध आणि बाहेरचं निम्मंनिम्मं असेल तर १८००. ४०० च्या नळाच्या पाण्याचा कूलर जिथे तीन-चार दिवसांनी पोहोचला असता, तिथून तुम्ही पहिल्याच दिवशी सुरुवात कराल. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला उत्तम. बचत तिथेही तेवढीच होते.

मीटरबद्दलही सांगतो, कारण त्यावरचा आकडा लोक फार विश्वासाने वाचतात. तो मीटर क्षार मोजतच नाही. दोन इलेक्ट्रोडांमधून पाणी किती वीज वाहू देतं ते तो मोजतो, आणि त्या वाहकतेला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. घरी करून पाहा : आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा. आकडा जवळजवळ हलणार नाही, कारण साखरेचे रेणू विरघळतात पण त्यांचे आयन होत नाहीत. मग चिमूटभर मीठ टाका, आकडा एकदम शेकड्यांनी उडेल. मीठ पाण्यात गेलं की आपोआप आयनांत सुटतं, त्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागत नाही, हा विचार स्वांते अऱ्हेनियस या तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडला तेव्हा त्याच्या परीक्षकांना तो फारसा पटला नव्हता. १९०३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

टाकी सडवणाऱ्या घटाला पाण्याची वाहकताच लागते, त्यामुळे या कामासाठी तुमचा मीटर खरं तर अगदी योग्य साधन आहे. दर चार दिवसांनी टाकीतलं पाणी मोजा. नळाच्या किंवा बोअरच्या आकड्याच्या तिप्पट दिसलं की टाकी सोडा.

लोहाओळी

सर जी, वडिलांपासून आमचं कूलर बनवायचंच काम आहे. तुमचं वाचून राहिलो, बरोबर आहे. पण एक गोष्ट सांगतो. टाकी सगळीकडून सारखी सडत नाही. तळाच्या कोपऱ्यातून जाते, जिथे माती न् ताटीचा भुसा बसतो. नाहीतर पाण्याची जी रेघ असते तिच्या जरा खालून जाते. आणि जिथे वेल्डिंगचा टाका मारला तिथून तर पहिले. मधला पत्रा चांगला राहते. पाणी तर सगळीकडे सारखंच खारं आहे ना जी, मग असं काहून?

दुसरं, लोक गेज विचारतात, जस्त किती चढवलं ते कोणी विचारत नाही. २२ गेजचा जाड पत्रा पण जस्त कमी असेल तर २४ गेजच्या चांगल्या पत्र्याच्या आधी जाते.

प्रयोगवही

भाऊ, या धाग्यात यावा असं मला वाटत होतं तो प्रश्न तुम्हीच आणलात. सविस्तर लिहितो.

पाणी सारखं खारं असतं, पण त्यातला ऑक्सिजन सारखा नसतो. पाण्याच्या पृष्ठभागाला हवा लागते, तिथे ऑक्सिजन भरपूर. कोपऱ्यात गाळाखाली हवा पोहोचत नाही, तिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला. एकच पत्रा, एकच पाणी, तरी दोन जागांमध्ये फरक पडला, आणि विद्युतघट व्हायला एवढा फरक पुरतो. ऑक्सिजन जिथे भरपूर तिथे इलेक्ट्रॉन घ्यायचं काम चालतं, ती जागा कॅथोड होते. इलेक्ट्रॉन पुरवायचं काम ऑक्सिजन नसलेल्या जागेवर येतं, ती ॲनोड होते आणि तिथला धातू विरघळतो. ऐकायला उलटं वाटतं. ऑक्सिजनमुळे गंज येतो हे शाळेपासून शिकलेलो असतो, त्यामुळे भोक ऑक्सिजनजवळ पडावं असं वाटतं. पण ऑक्सिजन एका जागी इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याची किंमत दुसरी जागा मोजते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एकच थेंब ठेवून हे दाखवून दिलं. थेंबाच्या कडेला हवा मिळते, तिथे पाणी अल्कधर्मी होतं. लोखंड विरघळतं ते मधोमध. आणि गंजाचं कडं बसतं या दोहोंच्या मध्ये, जिथे मधून आलेले लोखंडाचे आयन आणि कडेचे हायड्रॉक्साइड एकमेकांना भेटतात.

तुमची पाण्याची रेघ म्हणजे हाच थेंब, टाकीएवढा मोठा. रेघेवर ऑक्सिजन भरपूर, म्हणून पत्रा तिच्या जरा खाली जातो. तुम्ही ‘जरा खालून’ लिहिलंत ना, ते शब्दशः बरोबर आहे.

गाळाखाली आणखी एक त्रास. ॲनोडपाशी धातूचे धन आयन तयार होतात, ते क्लोराइडला आपल्याकडे ओढतात. म्हणजे गाळाखालचं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षाही खारं होतं, शिवाय थोडं आम्लधर्मी होतं. एकदा भोकाची सुरुवात झाली की ते स्वतःच स्वतःला खोल करत जातं. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, तळाचा गाळ हाताने घासून काढायचा.

आता जस्ताचं. पत्र्यावरचं जस्त चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये मोजतात, आणि तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० चा पत्रा म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४, म्हणजे थराची जाडी साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. २७५ चा घेतला तर एका बाजूला १९ मायक्रॉनच्या वर. लोखंड किती जाड आहे यापेक्षा टाकी कधी गळायला लागेल हे या मायक्रॉनवर ठरतं. गिऱ्हाइकांनी तुम्हाला हा आकडा विचारायलाच हवा.

वेल्डिंगच्या टाक्याला जस्त उरतच नाही. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास जावं लागतं. टाका बसेपर्यंत आजूबाजूचं जस्त वाफ होऊन गेलेलं असतं.

लोहाओळी

तो पांढरा धूर ना जी? पोरं दिवसभर जीआयवर, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर, वेल्डिंग करतात न् रात्री थंडी वाजून ताप येते. सकाळी उतरते. दूध प्या म्हणतात आमच्यात.

प्रयोगवही

तोच. तो झिंक ऑक्साइडचा धूर आहे आणि तो ताप त्यानेच येतो. दुधाने धूर फुप्फुसात जायचा थांबत नाही. पोरांना कळकळीने सांगा, टाका मारायच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढायचं, काम उघड्यावर करायचं, वारा पाठीमागून किंवा बाजूने यायला हवा, आणि तोंडाला धुरासाठीचा मास्क लावायचा, नुसता रुमाल नाही. टाका गार झाला की त्यावर जस्ताची भुकटी भरपूर असलेला पेंट मारा. त्या पेंटमध्ये जस्ताचे कण इतके दाट असतात की ते एकमेकांना आणि लोखंडाला टेकतात, म्हणून तो जस्तासारखंच काम करतो. साधा चांदी रंग दिसायला तसाच असतो पण त्याचा या कामाला उपयोग नाही.

बारावी_ब

सर, एक शंका. पुस्तकात ते विभव एक मोलर (लिटरला एक मोल आयन) द्रावणासाठी दिलेले असतात. कूलरमध्ये जस्ताचे आयन एक मोलर कुठे असतात? मग उणे ०.७६ हा आकडा इथे लावता येईल का?

प्रयोगवही

छान प्रश्न. तसाच्या तसा लावता येत नाही, नेर्न्स्टचं समीकरण लावावं लागतं. जस्त आणि लोखंड दोघेही दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणून २५ अंश सेल्सिअसला आयनांची संहती (लिटरमागचं प्रमाण) दहापट बदलली की विभव ०.०२९६ व्होल्टने सरकतो. आता जस्त आणि लोखंड यांच्यातलं अंतर बघ, ०.३२ व्होल्ट. ते मिटवायला संहतींच्या गुणोत्तरात जवळजवळ अकरा वेळा दहापट फरक पडायला हवा, म्हणजे एकावर अकरा शून्यं. कूलरमध्ये तसं होत नाही. त्यामुळे आकडे बदलतात, पण कोण आधी विरघळणार हा क्रम बदलत नाही. परीक्षेत विधान-कारणाच्या प्रश्नात हे विचारलं तर गोंधळू नकोस.

पुण्यातली_वैदर्भी

माहेरी धंतोलीला आईच्या कूलरला भावाने पितळी बॉलकॉक बसवून दिला, वरच्या टाकीतून आपोआप पाणी भरायला. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या भोवतीचा पत्रा काळपट होऊन भुसभुशीत झाला. बाकी टाकी ठणठणीत. हे पितळामुळेच का?

प्रयोगवही

बहुतेक हो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातल्या तांब्यामुळे त्याचा विभव पत्र्यावरच्या जस्तापेक्षा बराच वर असतो. दोन्ही धातू नटबोल्टने एकमेकांना घट्ट टेकलेले आणि दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले. डॅनियलने १८३६ साली जस्त आणि तांब्याचा जो घट बनवला, १.१ व्होल्टचा, त्याचाच हा भाऊबंद.

यात किती वीज वाहते यावर सगळं आहे, आणि फॅरेडेच्या नियमाने ते मोजता येतं. एक अँपिअर वीज एक तास वाहिली तर १.२२ ग्रॅम जस्त विरघळतं. आपण फक्त एक मिलिअँपिअर धरू. बॉलकॉकच्या भोवतीचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा घ्या. १२० च्या पत्र्यावर तेवढ्या जागेत एका बाजूला ०.६ ग्रॅम जस्त असतं. एक मिलिअँपिअरने ते संपायला ४९० तास लागतात, म्हणजे सुमारे वीस दिवस. त्यानंतर उघडं लोखंड. मग त्याच विजेने वर्षाला नऊ ग्रॅम लोखंड जाऊ शकतं. एक मिलिअँपिअर म्हणजे लहानसा एलईडी मिणमिणता पेटेल एवढीच वीज.

उपाय साधा आहे. प्लास्टिकचा बॉलकॉक मिळतो, तो लावा. पितळीच ठेवायचा असेल तर पत्रा आणि पितळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि बोल्टच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी, म्हणजे धातूला धातू कुठेच टेकणार नाही. इलेक्ट्रॉनांचा रस्ता तुटला की घट बंद. शिवाय पितळाला रंग मारा. लक्षात घ्या, पितळाला, पत्र्याला नाही. लोक गंजणाऱ्या भागाला रंग मारतात. त्या रंगाला टाचणीएवढं छिद्र पडलं तर अख्ख्या पितळाची भूक त्या एका छिद्रावर येते आणि तिथे आरपार भोक पडतं.

फ्यूजतार

एक गोष्ट राहून जाते आहे म्हणून लिहितो. मी इलेक्ट्रिशियन. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण इथल्या पेपरात वाचतो. सरांनी वर लिहिलं तसं पाण्यात क्षार वाढले की ते वीज जास्त वाहून नेतं. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन फुटलं असेल तर पाणी आणि पत्रा दोन्हीत करंट येतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाइपने पाणी भरणारा माणूस जातो.

पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर असतं. तीन पिनचाच प्लग, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच. एमसीबी (लोड वाढला की पडते ती) असणं वेगळं, ती माणसाला वाचवत नाही.

प्रयोगवही

फ्यूजतार, मनापासून आभार. धाग्यातलं बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, वरचा प्रतिसाद प्रत्येकाने घरात वाचून दाखवावा.

नवतपा

सर, जस्त स्वतः विरघळून लोखंड वाचवतं तर जस्ताचा एक तुकडा टाकीत टाकून ठेवला तर? गिझरमध्ये एक मॅग्नेशियमची दांडी असते, ती झिजते म्हणून बदलावी लागते, तसंच.

प्रयोगवही

कल्पना बरोबर आहे आणि जुनी आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हाच प्रयोग केला होता. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत, ते समुद्रात विरघळत. त्याने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं विरघळायचं थांबलं. पण विरघळणारं तांबं समुद्री जीवांना विषारी होतं, ते थांबल्यावर तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटायला लागलं, जहाजं मंदावली, आणि आरमाराने ते सोडून दिलं. रसायन चुकलं नव्हतं.

कूलरमध्ये दोन अडचणी. पहिली, तुकडा नुसता तळाशी पडून उपयोग नाही. त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडापर्यंत पोहोचायला धातूचा रस्ता हवा, म्हणजे तो पत्र्याला घासलेल्या जागी बोल्टने घट्ट बसवायला हवा. दुसरी अडचण मोठी. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, तिथे जस्ताचा प्रभाव लांबवर जातो. कूलरच्या पाण्यात त्याच्या दहावा हिस्साही नसतात, त्यामुळे त्या तुकड्याची राखण त्याच्या आसपासच्या थोड्या जागेपुरती राहील. भोक पडू लागलेल्या कोपऱ्यातच तुकडा बसवला तर फायदा. सगळ्या टाकीसाठी मी त्यावर पैसे घालणार नाही.

बारावी_ब

सर, तुमचं वाचून घरी केलं. तीन ग्लासांत मिठाचं पाणी. एकात नुसता खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी गुंडाळलेला. जस्त जुन्या साध्या सेलच्या कवचातून काढलं, बाबांनी कापून दिलं. दुसऱ्या दिवशी तांब्यावाला सगळ्यात जास्त लाल, नुसता त्याहून कमी, जस्तावाल्या खिळ्याला काहीच नाही, फक्त ग्लासच्या तळाला पांढरं पांढरं बसलंय.

प्रयोगवही

शाबास! ते पांढरं म्हणजे विरघळलेल्या जस्ताचं हायड्रॉक्साइड. कॉलेजला आलास की हाच प्रयोग अगारच्या जेलीत करू. त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड घालतात. जिथे लोखंड विरघळतं तिथे निळं होतं, जिथे हायड्रॉक्साइड तयार होतात तिथे गुलाबी. खिळ्याचं टोक आणि डोकं निळं, मधली कांडी गुलाबी असं बहुधा दिसतं, कारण खिळा ठोकून घडवताना टोकाला आणि डोक्याला धातूवर ताण राहून गेलेला असतो.

सेल कापताना मात्र सगळ्यांनीच जपा. अल्कलाइन लिहिलेला सेल अजिबात उघडायचा नाही, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी निघाली असेल ती मँगनीज डायऑक्साइडची. ती सेलमध्ये इलेक्ट्रॉन घ्यायचं काम करते, कूलरमध्ये ऑक्सिजन करतो तेच. आणि मँगनीज हे आपल्याच भागातलं खनिज. मनसर, कांद्री, गुमगाव इथल्या खाणी तुला माहीत असतील. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला तर विद्युत अपघटनाने सेलसाठीचं मँगनीज डायऑक्साइड बनवतात. कॉलेजची सहल तिकडे न्यावी अशी माझी फार इच्छा आहे.

बेसाकर

पांढरा थर काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरू का? दुकानदार तेच देतो.

प्रयोगवही

टाकीला नको, ताई. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते थर विरघळवतं आणि लगेच जस्तावर येतं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि पाच-दहा मिनिटांत साडेआठ मायक्रॉनचा मोठा भाग संपतो. वर क्लोराइड मागे राहतात. ते ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्ही कधीच एकत्र करू नका. पंपाची जाळी आणि प्लास्टिकच्या नळ्या काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा, थर फसफसून सुटेल. टाकी नुसत्या प्लास्टिकच्या घासणीने. पत्र्याला चिकटून बसलेला पातळ पांढरा थर राहिला तर राहू द्या, तो जस्ताला थोडं झाकतोच. तारेची घासणी नको.

तुरटीही टाकू नका. गढूळ पाणी निवळतं खरं, पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं.

पुण्यातली_वैदर्भी

मग सरळ प्लास्टिकची टाकी का नाही?

लोहाओळी

घ्या ना ताई, सडत नाही ती. पण उन्हात तडकली का डाग देता येत नाही, फेकावीच लागते. पत्र्याचा तुकडा बदलून देता येते. सर, आता तुमचं ऐकून मी पाणी सोडायचं भोक तळाच्या एकदम खालच्या कोपऱ्यात काढून देईन, बाजूला नाही. बाजूला काढलं तर दोन बोटं पाणी न् सगळा गाळ तिथेच राहते. एक विचारतो, पावसाळ्यात लोक कूलर तसाच गच्चीवर ताडपत्री टाकून ठेवतात. पाणी तर काढलेलं असते. तरी दिवाळीला पाहा तर सडलेला. हे काहून?

प्रयोगवही

पाणी काढलं, क्षार काढले नाहीत. टाकी वाळते तेव्हा त्या पाण्यातले क्षार पत्र्यावर बसतात. त्यांतले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतलं बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळतात. मॅग्नेशियम क्लोराइडला तर हवेत तेहेतीस टक्के आर्द्रता असली तरी पुरते. साध्या मिठाला पंचाहत्तर लागते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही सहज भरतात. म्हणजे ताडपत्रीखाली पत्र्यावर अतिशय दाट खाऱ्या पाण्याचा पातळ थर पावसाळाभर असतो, त्यात भरपूर ऑक्सिजन विरघळलेला. उन्हाळ्यात भरलेल्या टाकीपेक्षाही हे वाईट.

म्हणून शेवटचं पाणी सोडल्यावर दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवायचं, बोअरच्या नाही, नळाच्या. ताट्या काढून टाकायच्या, कारण सगळ्यात जास्त क्षार त्यांच्यातच असतात आणि त्या ओल धरून ठेवतात. मग जूनच्या पहिल्या आठवड्यातलं एक पूर्ण दिवसाचं ऊन टाकीला द्यायचं. तळाखाली विटा ठेवायच्या, भोक उघडं ठेवायचं, आणि ताडपत्री वरून टाकायची पण बाजूंनी बांधायची नाही, वारा फिरला पाहिजे. भाऊ, तुम्ही तळाच्या कोपऱ्यात भोक काढून देणार आहात तर टाकी त्या बाजूला अर्धा इंच उतरती ठेवता येईल का? तसं झालं तर गाळही बराचसा पाण्याबरोबरच निघेल.

लोहाओळी

होते जी. मागच्या दोन पायांखाली पट्टी दिली का होते. या सीझनपासून तसेच बनवतो.